मंजूर कंटेनर तीन

मैत्री, सुमेध,

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर सुमेधने सांगितलं की नव्या नोकरीत त्याला कंटेनर ऑर्केस्ट्रेशन शिकावं लागतं आहे. ते काय असतं हे आजीला कळावं म्हणून त्याने हातवारे करून बराच वेळ समजावलं. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. दोन ठिकाणी तो चुकला होता, पण मेलबर्नला त्याच्या जेवणाची वेळ झाली होती आणि उपाशी माणसाच्या चुका मी काढत नाही. त्यानंतर या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या. म्हटलं, एकाच लिखाणात दोन्ही कामं उरकू. बाकीच्या वाचकांनी खुर्ची ओढून शेजारी बसावं.

माझी नोकरी चंद्रपूरला एका सरकारी कचेरीच्या संगणक विभागात झाली. तिच्यात सांगण्यासारखं फार नाही. बंद पडलेलं सुरू करायचं आणि सुरू असलेल्याला कोणाला हात लावू द्यायचा नाही, एवढंच मी तिथे केलं. निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावून झाल्या, पुस्तकं विषयवार लागली, तुमच्या आजोबांची औषधं वारांप्रमाणे लागली. मग आजोबा म्हणाले, मला कपाटात नीट लावून ठेवायच्या आत तू बाहेर काहीतरी काम बघ. त्याच सुमारास गडचिरोलीच्या एका कचेरीतून कंत्राटी कामासाठी फोन आला. कचेरीचं नाव लिहीत नाही.

काम एका ॲपचं होतं. भामरागडच्या पुढची गावं पावसाळ्यात तुटतात. नद्या भरल्या की नाल्यांवरचे रपटे, म्हणजे बुटके पूल, पाण्याखाली जातात आणि पलीकडचा माणूस पलीकडेच राहतो. अशा गावांत ज्या बायकांचे दिवस भरत आले असतील त्यांना पाणी चढायच्या आत अलीकडे आणायचं, आरोग्य केंद्राशेजारच्या खोलीत ठेवायचं, बाळंतपण तिथेच करायचं. त्या खोलीला इकडे माहेरघर म्हणतात. ही पद्धत जुनी आणि चांगली. पूर्वी आशाताई निरोप धाडायची आणि गाडी जायची. आमच्या कचेरीने त्यात सुधारणा केली. आशाताईने ॲपमध्ये बाईचं नाव भरायचं, नाव पोचलं की गाडीचा आदेश निघायचा. नाव नाही तर गाडी नाही. कारभार पारदर्शक व्हावा म्हणून हे केलं होतं.

ॲप पहिल्यांदा एकाच मशीनवर चालायचं आणि भामरागडच्या बाजाराच्या दिवशी हमखास झोपायचं. म्हणून वरून आदेश आला की ते कंटेनरमध्ये घालावं, म्हणजे गर्दी वाढली की आपोआप वाढेल. हे शिकायला नागपूरच्या एका हॉटेलात प्रशिक्षण होतं. कचेरीने तिघांना पाठवलं. एक गृहस्थ महिनाअखेरीस निवृत्त होणार होते, दुसऱ्यांच्या बदलीचा आदेश निघाला होता आणि तिसरी मी, आधीच निवृत्त. ज्यांना पुढे खरंच काम करायचं होतं त्यांना निवडणुकीची ड्युटी लागली होती. शिकवणारा तरुण इंग्रजीत भराभर बोलायचा. दोघा गृहस्थांनी दोन्ही दिवस मिळालेली बॅग मांडीवर घेऊन काढले. मला अडचण आली नाही. धर्मांतर झालं त्या पिढीतल्या माझ्या वडिलांनी घरात दुसरं काही नसलं तरी इंग्रजी शिकवलंच होतं, आणि ते नुसतं लग्नपत्रिकेवर एम.एस्सी. छापण्यापुरतं शिकवलं नव्हतं.

आता सुमेधने चुकवलेला भाग.

कंटेनर म्हणजे शिदोरी. प्रोग्राम चालायला त्याला भोवती शंभर गोष्टी लागतात. एका मशीनवर त्या असतात, दुसऱ्यावर नसतात, आणि मग ‘माझ्याकडे तर चालत होतं’ हे वाक्य ऐकू येतं. माझ्या नोकरीतलं सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य तेच. कंटेनरमध्ये प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं असतं. भात, भाजी, मिरची, मीठ सगळं आत. धानाच्या कुठल्याही बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून सोडा, जेवण तेच.

पण एका शिदोरीने गावजेवण होत नाही. खूप कंटेनर लागतात, आणि त्यांच्याकडे लक्ष द्यायला कोणीतरी लागतं. जी प्रणाली हे करते तिला एक ग्रीक नाव आहे. मी तिला मुकादम म्हणायचे. तुम्ही लहानपणी उन्हाळ्यात यायचात तेव्हा तेंदूपत्त्याची फळी पाहिली होती, आठवतं? लोक जंगलातून पानं तोडून, त्यांचे पुडे बांधून आणतात आणि फळीवर मोजून देतात. ठेकेदार मुकादमाला एवढंच सांगतो की फळीवर दहा माणसं कायम कामाला हवीत. कोणती दहा, ते सांगत नाही. एकाला ताप आला तर मुकादम दुसरा आणून उभा करतो. संध्याकाळी पुडे घेऊन गर्दी आली तर शेजारच्या टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, आणखी माणसं बोलावतो, गर्दी ओसरली की घरी पाठवतो. मधूनमधून प्रत्येकाला हटकतो, जागा आहेस ना रे? जो उत्तर देत नाही त्याला बाजूला करून नवा घेतो.

संगणकातला मुकादम हेच कंटेनरच्या बाबतीत करतो, फक्त न कंटाळता करतो. काय हवं ते आपण सांगायचं, कसं करायचं ते त्याच्यावर सोडायचं. या विद्येचं सार एवढंच. त्याची मर्यादाही एकच, फळीवर जेवढी जागा तेवढीच माणसं उभी राहतील. खाली मशीन किती आहेत, त्यावर मुकादमाचा हात कुठवर पोचेल ते ठरतं.

आमच्या कचेरीला यातलं ‘त्याच्यावर सोडायचं’ एवढं सोडून सगळं पटलं.

कचेरीचे प्रमुख कोठेकर साहेब. माणूस वाईट नव्हता. वेळेवर येत, कोणाच्या चहाचे मिंधे नसत, बायकांशी अदबीने बोलत. फक्त त्यांचा असा विश्वास होता की जे मंजूर नाही ते अस्तित्वात नसतं, आणि असलंच तर ते कोणाच्या तरी अंगाशी येतं. पहिल्याच बाजाराच्या दिवशी त्यांनी माझ्या पडद्यावर पाहिलं तर तिनाचे पाच कंटेनर झाले होते.

“हे पाच कोणी केले?”

मी सांगितलं की गर्दी वाढली म्हणून मुकादमाने केले, दुपारनंतर पुन्हा तीन होतील.

“मंजूर तीन आहेत, मॅडम. चौथा हवा असेल तर प्रस्ताव पाठवा.”

मला वाटलं गंमत करताहेत. संध्याकाळी लेखी आदेश आला की कंटेनरची कमाल संख्या तीन ठेवावी. वाढीव कंटेनरसाठी समर्थनासह प्रस्ताव सादर करावा. मी आकडा तीनवर बांधला आणि प्रस्ताव पाठवला. प्रस्ताव वर गेला, त्रुटींच्या पूर्ततेसाठी खाली आला, पुन्हा वर गेला. एक त्रुटी अशी होती की चौथा कंटेनर कोणत्या प्रवर्गातून भरणार ते नमूद नाही. नागपूरला कोणी तो नमुना भरतीच्या अर्जावरून उचलला होता की काय, देव जाणे. मी ‘लागू नाही’ लिहिलं.

त्यानंतर साहेबांचं लक्ष मुकादमाच्या हटकण्याकडे गेलं. उत्तर न देणारा कंटेनर तो काढून टाकतो आणि नवा उभा करतो, हे कळल्यावर ते खरोखर अस्वस्थ झाले. चौकशी नाही, नोटीस नाही, म्हणणं ऐकून घेणं नाही. त्यांनी मला बसवून घेतलं आणि समजावलं की अशाने उद्या प्रश्न विचारले जातील. तेव्हा बंद पडलेला कंटेनर काढू नये, तो का बंद पडला त्याचा अहवाल मी द्यावा, अहवाल मान्य झाला की मग नवा घ्यावा. हटकणं बंद झालं. अडकलेला कंटेनर आता तसाच उभा राहायचा. हजेरी लागायची, काम व्हायचं नाही. कचेरीत हा प्रकार नवा नव्हता म्हणून कोणाला खटकला नाही.

मी विरोध केला. इंग्रजीत टिपणी लिहिली, मुद्देसूद, मथळे देऊन. साहेबांनी तिच्यावर शेरा मारला की टिपणीची भाषा उत्तम आहे, आणि ती फाइलला लावली.

आढावा बैठकीत कंटेनरचा उल्लेख कसा करायचा हाही प्रश्न होता. मुख्य लिपिक गेडामभाऊंनी नावं सुचवली, वैनगंगा, इंद्रावती आणि प्राणहिता. आमच्या धंद्यात कंटेनरला नाव देत नाहीत, कारण नाव दिलं की माणूस त्याला मरू देत नाही. आणि झालंही तसंच. इंद्रावती अडकली की साहेब विचारत, इंद्रावतीची प्रकृती कशी आहे? मग मी दिवसभर तिच्याशी खटपट करत बसे. नवा कंटेनर उभा करायला मुकादमाला घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ पुरला असता.

मध्येच ॲपच्या नव्या आवृत्तीचं उद्घाटन झालं. या विद्येची शोभा अशी की नवी आवृत्ती कोणाला न कळता येते. मुकादम एकेक जुना कंटेनर काढतो, एकेक नवा ठेवतो, आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मी आदल्या दिवशी ते करून टाकलं होतं. पण पाहुणे यायचे होते, मांडव पडला होता, सर्वांना पत्ता लागायलाच हवा होता. साहेबांनी एक लाल बटण करून घेतलं. ते कशालाही जोडलेलं नव्हतं. पाहुण्यांनी दाबलं, टाळ्या झाल्या, पाहुणे म्हणाले, वा, लगेच सुरू झालं. तिथे एक गोष्ट आणखी झाली, ती पुढे कामी यायची आहे. उद्घाटनाला काहीतरी दिसायला हवं म्हणून ॲप बनवणाऱ्या कंपनीने एक बोर्ड करून दिला होता. भल्या मोठ्या पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा, त्यावर लुकलुकणारे ठिपके, फिरते फोटो. त्याचं नाव ‘मातृदर्शन’. साहेबांचा जीव त्या बोर्डात. त्यासाठी आमच्या भाड्याच्या मशीनवर मोठी जागा कायमची राखून ठेवली होती, ॲपला मिळायची त्याहून मोठी.

आता सुमनताई मडावी. भामरागडपलीकडच्या एका गावची आशाताई. माडिया आणि मराठी दोन्ही सारखीच फाडफाड बोलायची. आशाताईंच्या प्रशिक्षणाला गडचिरोलीला आली तेव्हा पहिल्याच चहाच्या वेळी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. तिच्या गावात नेटवर्क नाही. नावं मोबाईलमध्ये भरून ठेवायची, बाजाराच्या दिवशी भामरागडला यायचं, तिथे मोबाईलला नेटवर्क लागलं की नावं जायची. तिथल्या सगळ्या आशांचं हेच. सगळ्यांचे मोबाईल एकदम बोलायला लागतात आणि ॲप मान टाकतं.

मी हे साहेबांना सांगितलं. त्यांनी मनावर घेतलं आणि परिपत्रक काढलं, आशांनी आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे वेगवेगळ्या वारी नोंदी पाठवाव्यात. कागदावर नीट दिसत होतं. आमच्या भागात अर्ध्या जणी मडावी किंवा आत्राम, हे परिपत्रक लिहिणाऱ्याच्या ध्यानात नव्हतं. सुमनताईचा फोन आला.

“बाई, ‘म’ले मंगळवारी बोलावलं तुम्ही. मंगळवारी बाजार तुमचा साहेब भरवन काय? आणि आम्ही समद्या ‘म’च आहो. मंगळवारी बी तुमची मशीन मरनच. आम्ही बुधवारीच येतो, बाजार तरी होऊन जाते.”

परिपत्रक फाइलला लागलं.

ज्या दिवसासाठी हे सगळं लिहिते आहे तो पावसाच्या सुरुवातीचा बाजाराचा दिवस होता. गडचिरोलीत ऊन होतं. वरच्या बाजूला, छत्तीसगडात, दोन दिवस पाऊस लागून होता आणि संध्याकाळपर्यंत भामरागडच्या पलीकडचे रपटे बुडतील असा इशारा आला होता. साहेब बोर्ड दाखवायला नागपूरला गेले होते. वरिष्ठांसमोर त्यांचं सादरीकरण होतं.

अकराच्या सुमारास ॲप अडकायला लागलं. तिघांपैकी इंद्रावती आणि प्राणहिता नुसत्या उभ्या, अहवालाच्या प्रतीक्षेत. एकटी वैनगंगा काम करत होती आणि तिच्यासमोर भामरागडच्या सगळ्या आशांची रांग. मग सुमनताईचा फोन आला. या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

तिच्या टोल्यावर मैनी नावाची एक मुलगी होती, विशीतली. पहिलं मूल बाळंतपणात गेलं होतं आणि तेव्हा ती स्वतःही कशीबशी वाचली होती. आता दुसऱ्याचे दिवस भरले होते. सुमनताईने तिचं नाव भरलं होतं. गाडी भामरागडलाच उभी होती, बाजारापासून हाकेच्या अंतरावर. ड्रायव्हर मोबाईल हातात घेऊन बसला होता, पण आदेश आल्याशिवाय गाडी रपट्यापलीकडे न्यायची त्याला मुभा नव्हती. मागे एकदा नेली होती तर इंधनाचा खुलासा द्यावा लागला होता.

“मोबाईल नुसता फिरून राह्यला, बाई,” सुमनताई म्हणाली. “गाडी डोळ्यापुढे उभी आहे. पानी चढलं का मैनी तिकडेच राहीन. मी काय सांगू तिच्या मायले, गोल फिरून राह्यलं म्हणून?”

मी साहेबांना फोन लावला. बंद होता. मेसेज टाकला. मग नागपूरच्या कचेरीत फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं की बैठक सुरू आहे, आत निरोप देता येत नाही, चौथ्या कंटेनरचा प्रस्ताव मात्र टेबलावर आहे आणि त्यावर अनुकूल विचार चालू आहे.

मी माझ्या जागेवर बसले. नियम मोडायची मला सवय नाही. मी रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नलला थांबते आणि त्यावरून तुमची आई अजून हसते. पण समोर जे होतं ते इतकं सोपं होतं की लाज वाटत होती. एक ओळ बदलायची होती. कमाल तीनच्या जागी, जागा पुरेल तितके. दुसरी ओळ, हटकणं पुन्हा सुरू.

दोन्ही बदलल्या. मुकादम मोकळा झाल्यासारखा कामाला लागला. इंद्रावती आणि प्राणहिता निघून गेल्या, त्यांच्या जागी निनावी दोघी आल्या. आणखी दोघींना उभं करायला गेला आणि थांबला. पडद्यावर त्या नुसत्या ताटकळत राहिल्या. फळीवर जागा नव्हती. जागा होती ती मातृदर्शनने अडवलेली.

गेडामभाऊ मागे उभे राहून बघत होते. मी बोर्डाच्या ओळीवर आले तसे म्हणाले, “मॅडम, तो साहेबाचा बोर्ड आहे. तिकडे मोठे लोक पाहून राह्यले असतीन.”

मी म्हटलं, मला माहीत आहे.

“नाई, मी अडवून नाई राह्यलो. तुमची नोकरी तर कधीचीच होऊन गेली. मी फक्त चहा प्यायले जातो, म्हणजे मी इथी नव्हतो.” आणि ते खरंच चहा प्यायला गेले.

मी मातृदर्शनचा आकडा शून्य केला.

जागा मोकळी झाली. ताटकळलेल्या दोघी कामाला लागल्या, त्यांच्यामागून आणखी आल्या. मुकादम भराभर माणसं उभी करत गेला आणि रांग उतरू लागली. मी सुमनताईला फोन लावून ठेवला होता. पलीकडून बाजाराचा कालवा ऐकू येत होता. कोणीतरी मोहाच्या तेलावरून घासाघीस करत होतं, कोंबडी ओरडत होती. मग सुमनताई म्हणाली, “गेलं.” आणि मला नव्हे, ड्रायव्हरला ओरडून म्हणाली, “पाह्य ना मोबाईल, आलं काय?” आलं होतं. गाडीचा दरवाजा बंद झाल्याचा आवाज मी ऐकला.

त्यानंतर तिचा फोन लागेना. पलीकडे नेटवर्क नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी अधूनमधून लावत राहिले. सुव्यवस्थित बाईला एवढं वेडेपण चालतं. रपट्यावर पाणी आल्याची बातमी कचेरीत आली तेव्हा गाडी अलीकडे आली की पलीकडे राहिली, हे सांगणारं कोणी नव्हतं. संध्याकाळी आरोग्य केंद्रातून ड्रायव्हरचा फोन आला. परत येताना रपट्यावर चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी होतं. मैनी, तिची आई, सुमनताई आणि एक शेळी अलीकडे पोचले होते. शेळीचं नाव ॲपमध्ये नव्हतं, पण मैनीची आई शेळीशिवाय निघायला तयार नव्हती.

साहेबांचा फोनही आला. मोठ्या लोकांसमोर मातृदर्शन काळंठिक्कर पडलं होतं. ते रागावले असतील असं मला वाटलं, पण आवाजात राग नव्हता, दुःख होतं. त्यांनी विचारलं, तांत्रिक बिघाड होता ना? हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. गेडामभाऊ समोर बसून मान हलवत होते, हो म्हणा म्हणून. मी सांगितलं की बिघाड नव्हता, मी बंद केला. का केला, तेही सांगितलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मॅडम, मला मुलगी आहे. मला कळतं. पण तुम्ही मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का?”

मी त्यांना त्यांचा फोन बंद होता एवढंच सांगितलं. विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

नोटीस आली. तीन मुद्दे होते. मंजुरीशिवाय वाढीव कंटेनर का नेमले. मातृदर्शन कोणाच्या आदेशाने बंद केलं. आणि तिसरा, जो मी अजून फराळाच्या वेळी पाहुण्यांना सांगते, की वाढीव कंटेनर सद्यःस्थितीत कोठे आहेत व कोणाच्या ताब्यात देण्यात आले. ते कुठेच नव्हते. गर्दी ओसरल्यावर त्याच दिवशी दुपारी मुकादमाने त्यांना घरी पाठवलं होतं. मी उत्तरात तसंच लिहिलं. शेवटी एक परिच्छेद जास्तीचा लिहिला, की पाऊस लागायच्या आत गाडीने नाव न विचारता गावोगाव फिरावं, नोंद मागाहून व्हावी. कितीही कंटेनर दिले तरी नेटवर्क नसलेल्या गावाला त्यांचा उपयोग नाही. पहिल्या तीन मुद्द्यांचा खुलासा मान्य झाला. शेवटच्या परिच्छेदावर शेरा होता, ‘विषयाच्या कक्षेबाहेर.’ कंत्राट पुढे वाढवलं गेलं नाही. साहेबांनी निरोपाला शाल दिली. ती चांगली आहे, थंडीत वापरते.

तो पूर ओसरल्यावर मी मैनीला बघायला गेले. ती अजून माहेरघरातच होती, मुलगी झाली होती. बाळ सुपात निजलं होतं. सुमनताईने माडियात माझी ओळख करून दिली. काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण मैनीने माझ्याकडे नीट बघितलं आणि काहीतरी विचारलं. सुमनताई हसली. मी विचारलं, काय म्हणते?

“ते म्हनते, माझे दिवस भरले हे आमच्या समद्या टोल्याले ठाव होतं. गाडीवाल्याले बी ठाव होतं, त्यानंच बाजारात मले विचारलं होतं, कवा येतेस म्हणून. मंग तुमाले गडचिरोलीले कळेपर्यंत गाडी काऊन थांबली होती?”

माझ्याकडे उत्तर होतं. पारदर्शकता, नोंद, उत्तरदायित्व, इंग्रजीत आणि मराठीत, मथळ्यांसकट. मैनी वाट बघत होती. ड्रायव्हर दारात बिडी विझवून उभा होता आणि तोही माझ्याकडेच बघत होता. मी बाळाला घेऊ का विचारलं. तिने दिलं.

सुमेध, तुझं शिकून झालं की तू मोठमोठ्या कंपन्यांचे कंटेनर सांभाळशील. एकाचे हजार होतील, हजाराचे पुन्हा एक, आणि कोणी तुला प्रस्ताव मागणार नाही. मला त्याचा थोडा हेवा वाटतो. हे काम मला फार आवडलं होतं. आकडा वाढवला आणि रांग उतरताना बघितली, तसं समाधान चंद्रपूरच्या सगळ्या नोकरीत मिळालं नव्हतं. फक्त रांग कशासाठी लागली आहे, ती लागायला हवी होती का, हे मुकादम विचारत नाही. ते त्याचं कामही नाही.

यंदा पावसाच्या तोंडावर सुमनताईचा फोन आला होता. मैनीची मुलगी चालायला लागली आहे आणि शेळीच्या मागे फिरते. मी ॲपचं विचारलं. ती म्हणाली, एकदम झकास चाललं आहे, एकदाही अडकलं नाही. कोठेकर साहेबांना त्याबद्दल नागपूरला बक्षीसही मिळालं.

मला नवल वाटलं. चौथा कंटेनर मंजूर झाला का?

तसं काही नव्हतं. ड्रायव्हर आता आभाळ भरलं की आपणच गाडी काढतो आणि टोल्याटोल्याने फिरून बायकांना घेऊन येतो. इंधनाचा खुलासा लिहून त्याने आधीच खिशात ठेवलेला असतो. नावं मागाहून भरली जातात, सवडीने, आरोग्य केंद्रात बसून, जिला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा. बाजाराच्या दिवशी आता ॲपवर कोणी नसतं.

“साहेबाले सांगू नका, बाई,” सुमनताई म्हणाली. “त्याले वाटून राह्यलं का मशीन सुधरली.”